बेस गिटारसोबत सेटअपची नोंदही द्या

महोदय,

कॉलेजचा बँड असो, चर्चमधला वाद्यवृंद असो की लग्नसराईत गावोगाव फिरणारा ऑर्केस्ट्रा, गिटारवाले हवे तेवढे मिळतात आणि बेसवाला, म्हणजे खर्जातली चार तारांची गिटार वाजवणारा, शोधावा लागतो. म्हणून एखाद्या मुलाने किंवा मुलीने ‘मला बेस शिकायचाय’ म्हटले की शिकवणाऱ्यांना मनापासून आनंद होतो. मग घरचे लोक दुकानात जातात. तिथे सारख्याच दिसणाऱ्या आठ-दहा बेस गिटार टांगलेल्या असतात. एकीवर २० हजारांची चिठ्ठी, शेजारचीवर ४० हजारांची, कपाटातल्या एकीवर दोन लाखांची. फरक काय, असे विचारले की ‘साउंड’ एवढेच उत्तर मिळते. हा फरक नेमका कशाचा आहे आणि कुठल्या पायरीवर तो पैशाच्या मोलाचा आहे, हे इथे मांडतो. शेवटी दुकानदारांना एक विनंती आहे, तिच्यासाठीच खरे तर हे पत्र.

गिटार बनवणारे लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस आणला, १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचे कंपन टिपणारे चुंबक-वेटोळे) बसवला आणि १९६० मध्ये जॅझ बेस काढला. आज बाजारातले बहुतेक बेस या दोन आराखड्यांचीच भावंडे आहेत : ३४ इंची स्केल (तारेच्या वाजणाऱ्या भागाची लांबी), चार तारा, स्क्रूने जोडलेली नेक (वाद्याची लांब मान). हा आराखडा २० हजारांच्या वाद्यातही पूर्ण मिळतो. जास्तीचे पैसे जातात ते फ्रेटची (नेकवरच्या आडव्या धातूच्या काड्यांची) टोके घासण्यात, नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या तुकड्याच्या) खाचा नीट कोरण्यात, खुंट्यांच्या गिअरमध्ये, पिकअपच्या चुंबकात आणि नेकचे लाकूड निवडून वाळवण्यात.

पहिली पायरी साधारण १८ ते २५ हजारांची. (किमती सतत हलतात, म्हणून पल्लेच देतो.) यात यामाहाचा टीआरबीएक्स १७४, आयबानेझचे जीएसआर १८० आणि जीएसआर २००, आणि स्क्वायरचा सोनिक प्रिसिजन येतात. यांपैकी एकच सांगायचा तर आम्ही टीआरबीएक्स १७४ सांगू. त्यात प्रिसिजन पद्धतीचा आणि जॅझ पद्धतीचा असे दोन पिकअप आहेत, फ्रेट २४ आहेत आणि बॅटरीची भानगड नाही. सोनिक प्रिसिजनला एकच पिकअप, पण जुन्या गाण्यांतला तो गोल, भरीव आवाज ज्याला हवा आहे त्याला दुसऱ्याची गरजही नाही. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत जेम्स जेमर्सन यांनी वाजवलेला बेस १९६२ चा, एकाच पिकअपचा प्रिसिजन होता.

दुसरी पायरी ३० ते ४५ हजारांची : यामाहाचे टीआरबीएक्स ३०४ आणि बीबी २३४, आयबानेझचा एसआर ३००ई, स्क्वायरची अफिनिटी मालिका. लोकांचे पैसे इथेच सर्वांत जास्त अडकतात. ३०४ आणि एसआर ३००ई यांत मुख्य वाढ आहे ती ॲक्टिव्ह सर्किटची, म्हणजे ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या टोन नियंत्रणाची. स्टेजवर ते कामाचे आहे. हॉल बदलला की खर्जाचे आणि टिपेचे सूर जागच्या जागी सावरता येतात. घरी सरगम घोटणाऱ्याला त्याचा उपयोग थोडा आणि व्याप मात्र खरा. वायर जॅकमध्ये खोचली की सर्किट चालू होते आणि वायर काढेपर्यंत बॅटरी खात राहते. रियाज झाल्यावर वायर तशीच ठेवणाऱ्याची बॅटरी ऐन कार्यक्रमात बसते. या दोन मॉडेलांत बॅटरीशिवाय वाजवण्याची सोय नाही, म्हणजे बॅटरी गेली की वाद्य मुके. आवाज फाटायला लागला, जोरात मारलेली तार खरखरली, की आधी बॅटरी बदलून पाहावी, मगच पिकअपला दोष द्यावा. बीबी २३४ मात्र पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा आहे आणि या पायरीवर आमचा कौल त्यालाच आहे.

पुढची पायरी पन्नास हजारांच्या आसपासची. स्क्वायरची क्लासिक व्हाइब मालिका आणि यामाहाचा बीबी ४३४ इथे भेटतात, आणि हाताला-कानाला जाणवणारा फरक इथे पडतो. सोनिक आणि अफिनिटीत सिरॅमिक चुंबकाचे पिकअप असतात, क्लासिक व्हाइबमध्ये अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाचे. सिरॅमिकचा आवाज अंगावर येणारा, अल्निकोचा थोडा मऊ. बोट हलके-जोरात पडले तर त्याचा चढउतार अल्निकोत जास्त ऐकू येतो. क्लासिक व्हाइबचा नट हाडाचा आहे, प्लास्टिकचा नाही. बीबी ४३४ ची नेक सहा बोल्टने बसवलेली आहे आणि तारा बॉडीतून ४५ अंशांत ओवता येतात. लाकडाच्या नावावर मात्र भुलू नये. स्क्वायरच्या अनेक मॉडेलांवर शिसवीऐवजी ‘इंडियन लॉरेल’ची पट्टी (नेकवर बोटे दाबतात ती फळी) असते, तो म्हणजे आपला ऐन. स्वस्त सोनिकवरही ऐन आणि क्लासिक व्हाइबवरही ऐन.

त्यावर मेक्सिकोतल्या एन्सेनाडात बनणारी फेंडर प्लेयर टू मालिका लाखाच्या आसपास, आणि कॅलिफोर्नियातल्या कोरोनात बनणारी अमेरिकन प्रोफेशनल टू दोन लाखांच्या घरात. प्लेयर टू मध्ये पट्टीच्या कडा गोलवलेल्या आहेत. दोन तास वाजवल्यावर तळहाताला ते सुख कळते. अमेरिकन प्रोफेशनलच्या नेकमध्ये ग्राफाइटच्या पट्ट्या घातलेल्या असतात, त्यामुळे हवामानाने नेक कमी हलते. पोटापाण्यासाठी रोज वाजवणाऱ्याने हे पैसे घालावेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी कर्ज काढून घालू नयेत, असे आम्ही तळमळीने सांगतो.

याचे कारण असे, की शिकणाऱ्याला ज्या गोष्टी छळतात त्यांतल्या बहुतेक किमतीमुळे नसतात, सेटअप (नेक, तारा आणि सूर नीट बसवणे) नसल्यामुळे असतात. कारखान्यातून निघालेला बेस कंटेनरमधून, गोदामातून, वेगवेगळ्या हवामानांतून दुकानात येतो. तोवर नेक हललेली असते. तारा पट्टीपासून चार-चार मिलिमीटर वर उभ्या असतात, मूल बोट दाबून दाबून थकते आणि ‘माझी बोटे कमजोर आहेत’ असे म्हणून वाद्य भिंतीला टेकवते. तोच बेस हजार-दोन हजार रुपयांत नीट बसवून दिला तर पन्नास हजारांच्या बिनसेटअप बेसपेक्षा वाजवायला सुखाचा होतो.

सेटअपचा क्रम ठरलेला आहे. आधी ज्या तारा कायम वापरायच्या त्याच लावून सुरात आणायच्या. ४५-१०० किंवा ४५-१०५ चा संच (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजारांशात) बहुतेकांना बरा. नंतर हलका संच लावला तर ताण घटतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. मग नेकचा बाक. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून, ई तार (सर्वांत जाड) नेक-बॉडी जोडावरच्या फ्रेटवर दाबून धरायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांतली फट पाहायची. ती सुमारे ०.३ मिमी हवी; साधे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक बदलणारी सळई) घड्याळाच्या दिशेने, एका वेळी पाव फेरा, पुन्हा सूर लावून मोजायचे. फट अजिबात नसेल तर उलट दिशेने. चावी अडली तर जोर करू नये. रॉडचा नट पिळला गेला तर दुरुस्तीचा खर्च स्वस्त बेसच्या किमतीच्या जवळ जातो.

त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तार सुमारे २.४ मिमी आणि जी तार (सर्वांत बारीक) सुमारे २.० मिमी, हे फेंडरचे माप सुरुवातीला पुरे. ती ब्रिजवरच्या (बॉडीवर तारा अडकतात तिथल्या) सॅडलच्या, म्हणजे प्रत्येक तारेखालच्या टेकूच्या, बारीक स्क्रूंनी करायची; बाक आधी न सुधारता उंचीच कमी केली तर बाराव्या फ्रेटच्या पुढे तारा खरखरतात. मग सूरमेळ : बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसते टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहायचा. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे. जुन्या तारांवर हे कधीच जुळत नाही, उगाच स्क्रू झिजवू नयेत. सर्वांत शेवटी पिकअप. शेवटच्या फ्रेटवर तारा दाबून ई खाली सुमारे २.८ मिमी आणि जी खाली २.० मिमी फट ठेवावी. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

आपल्याकडे हे वर्षातून एकदा करून भागत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लाकूड ओल धरते, बाक वाढतो, तारा वर उठतात. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात, किंवा वातानुकूलित खोलीत, पट्टी आकसते आणि फ्रेटची टोके कडेतून बाहेर येऊन तळहाताला बोचतात. ती बारीक कानशीने घासून घ्यावीत. वाद्यात खोट आहे असे समजू नये. निदान जूनच्या शेवटी आणि दिवाळीनंतर, असे दोनदा बाक मोजावाच.

दुकानात काय पाहावे? आधी वायर न जोडता. बेस डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून ब्रिजच्या दिशेने नेकवरून नजर टाका. जी आणि ई या दोन्ही तारा पट्टीच्या आपापल्या कडेपासून सारख्या अंतरावर हव्यात. एक तार कडेवरून घसरू पाहत असेल तर नेक तिरकी बसली आहे. हाताचा तळवा कडेवरून फिरवा. खुंटी फिरवताना सुरुवातीला सैल जागा लागते का पहा. मग चारही तारांवरचा प्रत्येक फ्रेट मध्यम जोराने वाजवा. कंटाळवाणे काम आहे, दहा मिनिटे लागतात, पण ते टाळू नका. फक्त पहिल्या तीन-चार फ्रेटवर खरखर असेल तर बाक कमी आहे, सेटअपने सुटेल. एकाच फ्रेटवर असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे, तो घासून किंवा ठोकून बसवावा लागेल. तो नग सोडून द्या. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपाशी एखादा सूर इतरांपेक्षा लवकर विझतो का, हेही ऐका. स्क्रूने जोडलेल्या लांब नेकवर हा दोष महागड्या बेसमध्येही सापडतो आणि सेटअपने जात नाही. एकाच मॉडेलचे दोन नग असतील तर ज्याचा हा सूर जास्त टिकतो तो घ्या, रंग कोणताही असो.

आता अँपला (आवाज वाढवणाऱ्या यंत्राला) जोडा. आवाजाची बटणे सावकाश फिरवा. एकदा खर्र झाले आणि चार वेळा फिरवल्यावर थांबले तर धूळ आहे. जॅझ पद्धतीच्या बेसवर दोन्ही पिकअप पूर्ण उघडे असताना गुणगुण जवळजवळ नसते आणि एक कमी केला की येते. ती त्या पिकअपची जातच आहे, बिघाड नव्हे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ठीक. हात लावल्यावर वाढली तर आतली अर्थची वायर सुटली आहे किंवा उलट जोडली आहे. याच ओघात एक सावधगिरी : मंडपात जनरेटरवर किंवा जुन्या घरातल्या अर्थ नसलेल्या प्लगवर वाजवताना तारांना हात असताना माइकला ओठ लागून झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा आणि वायरमनला बोलवा. ते जिवावर बेतू शकते.

पैशाचे वाटे करताना अँप विसरला जातो. बेसची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. गिटारच्या छोट्या अँपचा स्पीकर त्यासाठी केलेला नसतो. आवाज वाढवला की पडदा जास्त हलतो आणि फाटू शकतो. घरी फेंडर रंबल २५ सारखा आठ इंची स्पीकरचा अँप चालतो. दहा इंची स्पीकरचा रंबल ४० घेता आला तर उत्तम. ड्रमरसोबत १०० वॉट ही सुरुवात समजा. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये रात्री रियाज करायचा तर बेससाठीचा छोटा हेडफोन अँप पुष्कळ झाला. म्हणून ४० हजार हाताशी असतील तर आमचा सल्ला : २२-२३ हजारांचा बेस, त्याचा सेटअप, अडीच-तीन इंच रुंद पट्टा, एक चांगली वायर, ट्यूनर आणि उरलेल्यात अँप. सगळे पैसे बेसवर घालून मोबाइलच्या स्पीकरवर वाजवणाऱ्याला स्वतःचा बेस कधी ऐकूच येत नाही.

लहान मुलांबाबत नुसते माप पाहा. ३४ इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटिमीटर भरतात. ३० इंचीवर ११.४ आणि आयबानेझच्या २८.६ इंची मिक्रोवर १०.९. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या पंज्याला हे दोन सेंटिमीटर म्हणजे मनगट दुखणे आणि न दुखणे यांतला फरक. ‘मोठी होईल तेव्हा पुरेल’ असा कपड्यांचा हिशेब इथे लावू नये. रुंदीतही फरक आहे : फेंडरच्या आजच्या प्रिसिजनची नेक नटपाशी सुमारे ४१ मिमी, जॅझची ३८ मिमी. लहान हाताला जॅझ बरा.

ऑर्केस्ट्रावाले पाच तारांचा बेस मागतात, कारण गायकाच्या पट्टीप्रमाणे गाणे खाली उतरवावे लागते. गरज खरी आहे, पण पाचवी बी तार ३१ हर्ट्झच्या खाली वाजते आणि स्वस्त वाद्यावर ती सुराऐवजी नुसती थरथर देते. पाच तारा हव्याच असतील तर टीआरबीएक्स ३०५ किंवा एसआर ३०५ई पासून पुढे पाहा. तोवर चार तारांवर ई उतरवून डी केला तरी बरीच गाणी निभावतात.

जुना बेस घेणे हा तर उत्तम मार्ग आहे, कारण पन्नास हजारांचे वाद्य कितीतरी कमी किमतीत मिळू शकते. तिथे ट्रस रॉड दोन्ही दिशांना थोडा फिरतो का हे विकणाऱ्यासमोर पाहा आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारांनी पाडलेल्या खाचा नखाने चाचपा. मेक्सिकोच्या अलीकडच्या फेंडरवर ‘एमएक्स’नंतरचे दोन आकडे वर्ष सांगतात, स्क्वायरवरचे ‘आयसीएस’ म्हणजे इंडोनेशियात कॉर्टच्या कारखान्यात बनलेला. ‘अमेरिकन आहे’ म्हणून विकला जाणारा बेस एवढ्यावरून ओळखता येतो.

आता दुकानदारांना विनंती. बेस विकताना बिलासोबत एक छोटी चिठ्ठी द्या. तिच्यावर सेटअपची तारीख, आठव्या फ्रेटवरचा बाक, सतराव्या फ्रेटवर ई आणि जी तारांची उंची, लावलेल्या तारांचा गेज (जाडी) आणि ट्रस रॉडच्या चावीचे माप, एवढेच लिहा. अर्ध्या तासाचे काम आहे. त्याचे वेगळे पैसे घेतले तरी आमची तक्रार नाही, फक्त ते आधी सांगा. ही चिठ्ठी हाती असेल तर पावसाळ्यात नेक किती हलली हे मुलाला घरच्या घरी फूटपट्टीने मोजता येईल. आणि पालकांनो, चिठ्ठी मिळेपर्यंत बेस पिशवीत घालू देऊ नका.

– बेस शिकवणारे आणि वाद्यदुरुस्ती करणारे काही वाचक, पुणे